बटणाचा डोळा

डोळा या विषयात आपल्याला कुणी काही शिकवू नये, असं चष्मेवाल्यांचं स्पष्ट मत होतं आणि ते मत ते कुणी न विचारताही सांगत. गावातल्या निम्म्याअधिक नाकांवर त्यांच्या दुकानातले चष्मे. रस्त्याने जाताना त्यांना माणसं दिसतच नसत, फ्रेमा दिसत. एकदा एका शोकसभेत सगळे माना खाली घालून उभे होते आणि हे वाकून वाकून फोटोतल्या माणसाच्या चष्म्याची डावी काडी निरखत होते. बायकोने कोपर मारलं तेव्हा कुजबुजले, "शेवटपर्यंत वाकडाच घातला बघ. एकदा दुकानात आला असता तर दोन मिनिटांचं काम होतं." अशा माणसाच्या स्वतःच्या खोलीत, त्याच्याच जबाबदारीवर ठेवलेल्या पिल्लांचे डोळे बिघडावेत, म्हणजे इभ्रतीचाच प्रश्न की हो.

पिल्लं त्यांची नव्हती, सासूबाईंची होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण खरं दुखणं तिथेच आहे. सासूबाई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. निवृत्त झाल्यावर बरीच वर्षं एकट्या राहिल्या, मग गुडघ्यांनी जिना चढायला साफ नकार दिला, तेव्हा लेकीकडे राहायला आल्या. येताना दोन बॅगा आणल्या आणि अंडी उबवायचं एक छोटं यंत्र. जावयाच्या घरी राहायचं म्हणजे त्यांना जिवावर आलं होतं. आपला पेला आपण विसळून ठेवत. उकडलं तरी पंखा लावा म्हणत नसत. चहात साखर कमी असली तरी "छान झालाय" म्हणत. पलंग लेकीचा, कपाट जावयाचं, खिडकीसुद्धा नातवंडं कधी काळी रंगवून गेलेली. यंत्रातली ती अंडी तेवढी त्यांची स्वतःची.

अंडी होती लाव्याची. लावा म्हणजे तितराचा धाकटा भाऊ समजा, काही लोक त्याला बटेर म्हणतात. लिंबाहूनही लहान अंडी, त्यावर शाई शिंपडल्यासारखे ठिपके. चष्मेवाल्यांनी पहिल्यांदा बघितली तेव्हा "यातून काय निघणार?" एवढंच म्हणाले. पण ज्या दिवशी एका अंड्याला आतून बारीक टकटक सुरू झाली, त्या दिवशी त्यांनी दुकान अर्धं उघडं ठेवलं आणि यंत्राच्या झाकणाला नाक लावून बसले. टवका उडाला, चीर गोल फिरली, टोपण उघडावं तसं अंडं उघडलं आणि आतून अंगठ्याच्या पेराएवढा एक ओला गोळा बाहेर पडला. थोड्या वेळाने गोळा वाळला. वाळून उभा राहिला आणि पळाला.

"अहो, पळाला," चष्मेवाले म्हणाले. पुढचे कितीतरी दिवस ते गिऱ्हाइकांना हेच सांगत होते. म्हणजे माणूस जवळचं वाचता येत नाही म्हणून आलेला, आणि हे त्याला सांगताहेत, "आपल्याला उभं राहायला वर्ष लागतं. हा जन्मल्या जन्मल्या पळतो. अंगावर पट्टे काय, डोळे काय, सगळी तयारी करूनच येतो. आता खालची ओळ वाचा."

आता ही पिल्लं ठेवायची कुठे? त्यांना ऊब लागते आणि सासूबाईंच्या खोलीत खिडकीच्या फटीतून वारा यायचा. चष्मेवाल्यांचं घर असं की पुढे दुकान, मागे घर आणि मधे एक बिनखिडकीची उबदार खोली. ही त्यांची कामाची खोली. इथे काचा घासायचं मशीन होतं. काचा म्हणायच्या, बाकी आजकाल त्या प्लॅस्टिकच्याच असतात. फ्रेमच्या मापात बसवायला त्यांच्या कडा घासाव्या लागतात. या खोलीत बायकोला झाडू घेऊनसुद्धा यायची परवानगी नव्हती. ती दारात उभी राहून एवढंच म्हणायची, "तो मशीनचा पाण्याचा पंप तेवढा दुरुस्त करून घ्या हो." आणि हे म्हणायचे, "करतो." हा संवाद गेल्या उन्हाळ्यापासून चालू होता.

तर चष्मेवाले उदार झाले. "माझ्या खोलीत ठेवा," ते सासूबाईंना म्हणाले. न मागता कुणाला काही देण्याची त्यांची ही बहुधा पहिलीच वेळ, त्यामुळे म्हणताना आवाज जरा चढला. बायको तर बघतच राहिली. सासूबाईंनी खोकं दोन्ही हातांनी त्यांच्याकडे दिलं आणि म्हणाल्या, "तुमच्यावर सोपवतेय, जावईबापू. माझं असं इथे एवढंच आहे."

खोकं मशीनच्या शेजारी बसलं. वर बल्ब लावला. पहिले काही दिवस कौतुकात गेले. मग एका सकाळी सासूबाई दारात थबकल्या आणि मान तिरकी करून ऐकत राहिल्या. आयुष्यभर कानाला हेडफोन लावून बसलेली बाई, त्यांना आवाज ऐकून माणूस कळायचा, तिथे पिल्लाचं काय.

"कोपऱ्यातलं एक वेगळं बोलतंय," त्या म्हणाल्या.

चष्मेवाल्यांनी वाकून बघितलं. सगळ्यात लहान पिल्लू, ज्याला घरात बटण म्हणत, भिंतीला टेकून उभं होतं. त्याचा एक डोळा मिटलेला होता आणि पापणी सुजून फुगली होती.

"झोपलंय," चष्मेवाले म्हणाले.

"एका डोळ्याने?"

चष्मेवाल्यांनी ताबडतोब व्यावसायिक पवित्रा घेतला. बटणाला टेबलावर ठेवलं, ठरावीक अंतरावर बाजरीचा एकेक दाणा मांडला आणि कुठला दाणा दिसतो ते तपासायला सुरुवात केली. बटणाने चांगला डोळा पुढे करून पहिला दाणा खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसऱ्याच्या जागी चष्मेवाल्यांच्या शर्टाच्या बटणाला चोच मारली आणि तिथेच टेबल घाण केलं. चष्मेवाल्यांनी "जवळचं ठीक आहे" असं निदान केलं. सासूबाईंनी फडक्याने टेबल पुसलं.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागत नाही. समोरच्या काकू गुलाबपाणी घेऊन आल्या. हे डोळ्यांत घाला, म्हणाल्या, नाही उपयोग झाला तर सरबतात घाला. वरच्या मजल्यावरचे इन्शुरन्सवाले बोटांत सिगारेट धरून खोक्यावर वाकले, "विमा काढला होता का?" असं विचारलं आणि स्वतःच हसले. इमारतीचे सेक्रेटरी आले ते पक्षी पाळायला सभासदांची संमती घेतली होती का, हे विचारायला. पण खोक्यात बघितल्यावर त्यांचा आवाज बसला. "एवढंसं असतं?" ते म्हणाले आणि संमतीचं बोलायचं विसरून गेले. त्या खोक्याची ती जादूच होती. जो यायचा तो आधी सल्ला द्यायचा, मग वाकायचा, मग गप्प व्हायचा.

पण तेवढ्याने डोळा काही उघडेना. दोन दिवसांत दुसऱ्या एका पिल्लाचाही सुजला. तेव्हा बायकोने मिस्टरांच्या हातात बुटाचं खोकं दिलं, त्यात बटणाला ठेवलं, झाकणाला भोकं पाडली आणि सांगितलं, "जनावरांच्या दवाखान्यात जा. डोळे तुम्हाला कळतात, पण माणसांचे."

हे लागलं त्यांना. पण गेले.

दवाखाना सरकारी. खिडकीपलीकडे एक बाई कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या.

"नाव?"

"बटण."

"मालकाचं."

मालकाचं नाव सांगून झालं. मग प्राण्याचा प्रकार. कॉम्प्युटरमध्ये गाय होती, म्हैस होती, शेळी, कोंबडी, कुत्रा, मांजर होतं. लावा नव्हता.

"कोंबडीत टाकू?" बाई म्हणाल्या.

"कोंबडी नाही हो ही."

"मग कोंबडीचं पिल्लू?"

"तेही नाही."

"अंडी देतं ना?"

"अजून आत्ताच अंड्यातून आलंय."

बाईंनी कोंबडीचं बटण दाबून बघितलं. कॉम्प्युटरने विचारलं, एकूण पक्षी किती, आणि शंभरच्या खालचा आकडा घ्यायला तो तयार होईना. चष्मेवाले म्हणाले, आमच्याकडे आठच आहेत, बाकीचे ब्याण्णव मी आणू कुठून. बाई म्हणाल्या, मग 'इतर' मध्ये टाकावं लागेल आणि 'इतर' ला मोठ्या डॉक्टरसाहेबांची मंजुरी लागते.

"मग घ्या की मंजुरी."

"साहेब उजेडात येत नाहीत सध्या. डोळ्यांचा त्रास आहे त्यांना. हिरव्या काचांचा चष्मा करायला टाकलाय, तो येईपर्यंत पेशंट बघायचे नाहीत म्हणून सांगितलंय." बाईंनी आवाज खाली केला. "गावात कुणीतरी एक चष्मेवाला आहे. आज देतो, उद्या देतो करत लोंबकळत ठेवलंय बघा त्याने. असतात एकेक माणसं."

चष्मेवाल्यांनी छताकडे बघितलं. छताला पंखा होता. तो त्यांनी बराच वेळ बघितला.

घरी येऊन त्यांनी जेवणसुद्धा केलं नाही. थेट मागच्या खोलीत शिरले, साहेबांच्या काचा काढल्या आणि मशीन सुरू केलं. हा हिरवा रंग त्यांनी स्वतः हाताने काढलेला होता, कडुलिंबाच्या कोवळ्या पानाहून जरा गडद. असा रंग गावात दुसऱ्या कुणाकडे नाही, हे ते ऐकणाऱ्याला आणि न ऐकणाऱ्यालाही सांगत. पंप बंद, त्यामुळे मशीन कोरडंच चालत होतं. बल्बच्या उजेडात बारीक पूड तरंगत होती आणि ती दिसायला फार सुंदर दिसत होती. खोक्यात कुणीतरी शिंकलं. "थांबा रे," चष्मेवाले मायेने म्हणाले, "तुमच्यासाठीच चाललंय." इतकं मन लावून त्यांनी कधीच काच घासली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरसाहेबांनी हिरवा चष्मा चढवला, आरशात बघून पसंत केला आणि बटणाला हातात घेतलं. "हिरवं दिसतंय," ते म्हणाले. मग चष्मा काढून ठेवला आणि नीट बघितलं. बघता बघता त्यांचाही चेहरा पालटला. म्हशी तपासणारा तो रुंद हात, त्यात ते पिल्लू म्हणजे तळहातावरचा तीळच. साहेब श्वास रोखून बघत होते.

"कोमट मिठाच्या पाण्याने धुवा. हे थेंब घाला," ते म्हणाले. "पण औषध हे अर्धंच काम करतं. डोळ्यांत काहीतरी जातंय त्यांच्या. धूर, धूळ, ओल्या भुशाचा उग्र वास, कारण शोधा. आणि लक्षात ठेवा, दोन्ही डोळे मिटले तर त्याला दाणा दिसणार नाही. दिसला नाही तर ते खाणार नाही. एवढ्याशा जिवाला एक दिवसाचा उपासही झेपत नाही. खोली कशी आहे?"

"खोली माझी आहे," चष्मेवाले म्हणाले. "काचेसारखी लख्ख."

"मग बाहेरून येत असेल."

हा 'बाहेरून' शब्द चष्मेवाल्यांनी घट्ट पकडला आणि तो घेऊनच ते घरी आले. पुढचा आठवडा इमारतीने जे भोगलं ते त्या एका शब्दापायी.

पहिला घाव इन्शुरन्सवाल्यांवर. ते जिन्यात उभं राहून सिगारेट ओढत आणि धूर खाली येई. चष्मेवाल्यांनी त्यांना खाली बोलावलं आणि काही न बोलता बटणाला त्यांच्या तळहातावर ठेवलं. बटणाचं काळीज त्या हातात धडधडत होतं, एका डोळ्याने ते वर बघत होतं. इन्शुरन्सवाल्यांना बायकोने सांगितलं होतं, डॉक्टरने सांगितलं होतं, त्यांच्याच कंपनीने लेखी सांगितलं होतं. कुणाच्या बापाला त्यांनी जुमानलं नव्हतं. पण त्या डोळ्याकडे बघून त्यांनी पाकीट खिशातून काढलं आणि कचऱ्यात टाकलं.

मग समोरच्या काकू. त्यांची मिरचीची फोडणी बंद झाली आणि डासांची अगरबत्तीही बंद झाली. काकू बिचाऱ्या संध्याकाळपासूनच मच्छरदाणीत जाऊन बसू लागल्या आणि तिथूनच विचारत, "उघडला का हो डोळा?" घरात बिनफोडणीचं जेवण चालू झालं, सासुरवाडीला जेवायला कधी जायचं, असं काका रोज विचारू लागले. सेक्रेटरींनी जिना कोरडा झाडायला बंदी घातली. पाणी शिंपडूनच झाडायचा असं ठरलं. त्या ओल्या जिन्यावरून पहिल्यांदा घसरले ते स्वतः चष्मेवालेच, आणि तेही बसून तीन पायऱ्या उतरले. उठताना त्यांनी इकडेतिकडे बघितलं. वरून इन्शुरन्सवाले अदबीने म्हणाले, "पिल्लांसाठी चाललंय, साहेब. सोसायचं."

आणि या सगळ्या धामधुमीत दुकान मात्र जोरात चाललं होतं. साहेबांचा हिरवा चष्मा बघून दवाखान्यातल्या सगळ्यांनाच तसा हवासा वाटला. खिडकीवरच्या बाई आल्या, कंपाउंडर आला, ड्रायव्हर आला. चष्मेवाले दुपारभर मागच्या खोलीत हिरव्या काचा घासत बसायचे आणि अधूनमधून खोक्याकडे बघून इमारतीवर संतापायचे. "अजून कुणीतरी काहीतरी जाळतंय," ते बायकोला म्हणाले. "छडा लावतो मी." बायको म्हणाली, "पंपाचं काय झालं?" ते म्हणाले, "आत्ता पंप आठवतो तुला?"

एका सकाळी बटणाचे दोन्ही डोळे मिटलेले होते.

सासूबाई त्या दिवशी खोक्यासमोर स्टूल टाकून बसल्या त्या उठल्याच नाहीत. बटणासमोर बशी ठेवली आणि नखाने बशीवर टकटक करू लागल्या. पक्षीण चोचीने जमिनीवर टकटक करते, त्या आवाजाला पिल्लू येतं, म्हणाल्या. बटण त्या आवाजाकडे यायचं, हवेत चोच मारायचं, दाणा चुकायचा. पुन्हा टकटक. पुन्हा चुकायचा. कधीतरी एखादा लागायचा, तेव्हा सासूबाईंचे खांदे जरा खाली यायचे.

दुपारी जेवायला बोलवायला म्हणून चष्मेवाले उठले, तर मागच्या खोलीच्या दारातून सासूबाईंचं लेकीशी बोलणं कानावर आलं. "माझंच चुकलं गं," सासूबाई म्हणत होत्या. "मी आणायलाच नको होती ही. तुझ्या घराला नसता ताप. बिचारे जावईबापू, त्यांनी स्वतःची खोली दिली, सगळ्या इमारतीशी वाईटपणा घेतला. आता एवढी एकदा वाचली, की यंत्र कुणालातरी देऊन टाकते."

चष्मेवाले तिथेच उभे राहिले. इतकं वाईट त्यांना दुकानाची काच फुटली तेव्हासुद्धा वाटलं नव्हतं. ते मागे वळले, दुकानाचं शटर ओढलं आणि कोमट पाणी, मीठ, कापूस आणि डोळ्याला लावायचं भिंग घेऊन खोक्यापाशी येऊन बसले.

"धरा त्याला," ते सासूबाईंना म्हणाले. "आज मी नीट बघतो."

सासूबाईंनी बटणाला मुठीत धरलं, फक्त डोकं बाहेर. चष्मेवाल्यांनी पापणीवर थेंब सोडला, थांबले, पुन्हा सोडला. चिकटलेली कड हळूहळू सुटली. त्यांनी भिंग डोळ्याला लावून खाली वाकून बघितलं.

आणि विसरले. आपण कशाला बसलोय हेच विसरले. मोहरीएवढा तो डोळा भिंगाखाली डोहाएवढा झाला होता. काळ्या बाहुलीभोवती तपकिरी कडं, त्या कड्यात सोनेरी रेघा, एकीला एक चिकटून, आखून काढल्यासारख्या. मग एक पडदा आला. पापणी नव्हे, पापणीच्या आतला, दुधी, जवळजवळ पारदर्शक. तो आडवा सरकला, सगळा डोळा पुसून घेतला आणि परत कोपऱ्यात गेला. चष्मेवाल्यांचा उभा जन्म डोळ्यांच्या धंद्यात गेलेला, पण या एवढ्याशा जिवाने पुसायचं फडकं डोळ्याच्या आतच ठेवलंय, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी आजवर डोळ्याचा नंबर बघितला होता. डोळा बघायचा राहून गेला होता.

"काय दिसतंय?" सासूबाईंनी विचारलं.

"अहो," चष्मेवाले म्हणाले आणि भिंग आणखी जवळ नेलं.

पडदा पुन्हा सरकला आणि या वेळी त्याच्या कडेला काहीतरी चमकलं. त्यांनी थेंब सोडला. ते हललं. कापसाच्या टोकाने त्यांनी अलगद टिपलं आणि कापूस बल्बखाली धरला. पांढऱ्या कापसावर एक कण होता. हिरवा, कडुलिंबाच्या कोवळ्या पानाहून जरा गडद.

असा रंग गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

चष्मेवाल्यांनी बल्बच्या टोपीवरून बोट फिरवलं. बोट हिरवं. खोक्याच्या कडेवरून फिरवलं, हिरवं. बाजरीच्या बशीवरून, टेबलावरून, स्वतःच्या बाहीवरून फिरवलं. काचेसारखी लख्ख खोली काचेच्याच पुडीने भरली होती. इन्शुरन्सवाल्यांचा धूर, काकूंची फोडणी, सेक्रेटरींचा झाडू, साऱ्या इमारतीला त्यांनी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं आणि मशीनचा खटका रोज स्वतःच्या हाताने दाबत होते.

"सासूबाई," ते म्हणाले, "माझ्या मशीनची पूड आहे ही. बाहेरून काही आलेलं नाही. मीच आहे." पंपाचंही सांगितलं. गेल्या उन्हाळ्याचंही सांगितलं. "तुम्ही विश्वासाने दिलीत आणि मी त्यांच्या डोळ्यांत माती घातली."

सासूबाई रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी फक्त हात पुढे केला. "ते भिंग द्या इकडे."

भिंग लावून त्या वाकल्या.

"मी दिसतेय यात," त्या म्हणाल्या. "एवढ्याशात मी अख्खी आहे. मागे तुम्ही पण आहात." मग त्यांनी भिंग खाली ठेवलं, खोकं उचललं आणि मागच्या घरात, आपल्या खोलीत नेलं. खिडकीच्या फटीत त्यांनी स्वतःचं पातळ कोंबलं. मागे राहिले चष्मेवाले आणि मशीन.

आता इमारतीला खरं सांगणं भाग होतं. इभ्रत जायची ती जावो म्हणून चष्मेवाले छातीवर दगड ठेवून वर गेले. दार इन्शुरन्सवाल्यांच्या बायकोने उघडलं.

"वहिनी, एक चूक झाली. धुराचा काही संबंध नव्हता. साहेबांना सांगा..."

वहिनींनी झटकन दार ओढून घेतलं आणि बाहेर आल्या. "हळू बोला. एवढी वर्षं मी जे करू शकले नाही ते तुमच्या त्या बोटभर पाखराने केलंय. त्यांना यातलं अक्षर कळता कामा नये. कळलं तर माझ्याशी गाठ आहे."

खाली घरासमोर काकूंचं दार होतं. तिथे काकांनी दाराच्या फटीतून डोकं बाहेर काढलं आणि विचारलं, "खरं का हो? फोडणीचा दोष नाही?" नाही म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आत धावले. पाचव्या मिनिटाला मिरचीचा ठसका जिन्यात पसरला आणि मच्छरदाणीतून काकू विचारत होत्या, "उघडला का हो डोळा?" मग पुन्हा वर चढून सेक्रेटरींना गाठलं. त्यांनी ऐकून घेतलं, बराच विचार केला आणि सांगितलं, की ठराव झालेला आहे, तो आता रद्द करायचा तर सभा बोलवावी लागेल. जिना ओलाच राहिला. उतरताना चष्मेवाले कठडा धरून उतरले.

कबुली द्यायला निघालेल्या माणसाची कबुली कुणीच नीट घेईना, असं झालं. ते मनात खट्टू होऊन घरी आले.

पुढचे काही दिवस मशीन बंद राहिलं. पंपवाला बोलवायचा होता, तो चष्मेवाल्यांच्या मनात रोज येत होता. घरात पाऊल न वाजवता वावरत होते ते. सासूबाईंच्या खोलीतून नखाची टकटक ऐकू यायची, मग थांबायची, मग पुन्हा. ते दाराशी जाऊन उभे राहायचे, पण आत जायचे नाहीत. ज्याचे डोळे आपण बिघडवले त्याला तोंड कुठल्या डोळ्यांनी दाखवायचं?

मग एका दुपारी टकटक सुरू झाली आणि लगेच थांबली. थांबलीच. चष्मेवाले आत गेले.

सासूबाई जमिनीवर बसल्या होत्या, गुडघे विसरून. बशीत एकच दाणा होता. बटण बशीपासून हातभर लांब उभं होतं. दुसऱ्या पिल्लाचा डोळा आधीच बरा झाला होता, आता बटणाचेही दोन्ही डोळे उघडे होते. आधी एका डोळ्याने, मग मान वळवून दुसऱ्याने, असं दोनदा त्याने दाण्याकडे बघून घेतलं. मग ते पळत आलं, अगदी जन्मल्या दिवशी पळालं होतं तसंच, आणि दाणा पहिल्याच चोचीत उचलला. बायकोही मागे येऊन उभी होती. एक दाणा खाल्ला हो फक्त, पण ती तीन मोठी माणसं अशी थबकली होती की बघणाऱ्याने टोपी काढावी.

"जमलं," शेवटी चष्मेवाले म्हणाले. त्यांनी डोळ्यांवरून मनगट फिरवलं.

"चोळू नका," सासूबाई म्हणाल्या. "इकडे या. बसा."

"कुठे?"

"इथे. जमिनीवर. मान मागे करा."

चष्मेवाले बसले. काय चाललंय ते कळेपर्यंत त्यांचा चष्मा काढून झाला होता आणि डोक्याखाली सासूबाईंची मांडी होती. कोमट पाण्याची वाटी बटणासाठी तिथेच होती.

"मी आले त्या दिवसापासून बघतेय," सासूबाई म्हणाल्या, "तुमचे डोळे लाल आहेत. सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात. चहा घेताना पाणी येतं. मला वाटलं, चष्मेवाल्या माणसाला आपण काय सांगायचं. पाहुणी बाई मी."

"तसं काही नाही हो, वाचन जास्त..."

"गप्प राहा. डोळा मिटू नका. बटणसुद्धा मिटत नव्हतं."

थेंब पडला. मग दुसरा. चष्म्याशिवाय त्यांना फारसं दिसत नव्हतं. छत धुक्यात होतं, सासूबाईंचा चेहरा तेवढा अगदी जवळ होता. त्या वाकून त्यांच्या डोळ्यात बघत होत्या, मघाशी पिल्लाकडे बघत होत्या तशाच. त्यांच्या खांद्यावर बटण चढून बसलं होतं आणि मान तिरकी करून तेही बघत होतं. इतक्या वर्षांत आपल्या डोळ्यात असं कुणी बघितलंय का, हे चष्मेवाल्यांना आठवेना. त्यांना एकदम फार लहान असल्यासारखं वाटलं, आणि ते बरं वाटलं.

सासूबाईंनी कापसाने कोपरा टिपला आणि बोळा उजेडात धरला. हिरवा होता.

"पंप," त्या म्हणाल्या.

"उद्या करतो."

"आज. आत्ता उठा आणि त्या माणसाला घेऊन या. आणि हो," त्यांनी आवाज चढवला, टेलिफोनवर लांबच्या गावाशी बोलावं तसा, "जाताना ह्या खोलीचा पंखा लावून जा. उकडतंय मला."

बायकोने आईकडे बघितलं. पंखा कधीही न मागितलेली ती बाई पिल्लाला दाणा भरवत बसली होती. चष्मेवाल्यांनी उठून पंखा लावला, चष्मा चढवला आणि पंपवाल्याला आणायला निघाले. रस्त्यात त्यांना ओळखीची बरीच माणसं भेटली आणि त्या दिवशी त्यांनी एकाचीही फ्रेम बघितली नाही.